स्ट्रासबर्गची ट्रंक

शुक्रवारची दुपारची कॉफी झाली की एडमुंड पाउलुस आपली निळी पत्र्याची ट्रंक ओढत खोलीबाहेर आणायचा, दाराशेजारी भिंतीला लावायचा आणि तिच्यापाशी खुर्ची टाकून बसायचा. दर शुक्रवारी नव्हे. कधी महिन्यातून एकदा, कधी लागोपाठ दोनदा. डोक्यातलं कॅलेंडर त्याचं त्याला माहीत. पण एकदा ट्रंक बाहेर आली की टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमात सगळ्यांना कळायचं, साहेबांचा स्ट्रासबर्गचा आठवडा आला.

"साहेब, निघालात वाटतं?" समोरच्या खोलीतला विलिबाल्ड चाकांच्या खुर्चीतून ओरडायचा. हा विलिबाल्ड जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेला आणि जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत देत आलेला. "जाता जाता तेवढं सूपचं बघा. कालपण थंडगार होतं. तुमच्या राज्यात आम्ही काय थंड सूपच प्यायचं का?"

"मी लक्ष घालतो," एडमुंड गंभीर चेहऱ्याने म्हणायचा आणि खिशातलं पेन काढून कागदी नॅपकिनवर काहीतरी टिपून घ्यायचा.

"लक्ष घालतो म्हणे! खाण बंद पडली तेव्हापण हेच म्हणाला होतास, लेका!"

यावर दोघंही खो खो हसायचे. विलिबाल्डला सगळं आठवायचं. एडमुंडला समोरचा हसतोय एवढंच पुरायचं.

गेर्लिंडेला मात्र त्या ट्रंकेचं कधी हसू आलं नाही. ती त्याची बायको. खाली नदीकाठच्या घरात एकटी राहायची आणि रोज दुपारी जुनी गाडी काढून वर यायची. ट्रंक तिच्या चांगल्याच ओळखीची होती. सवतच म्हणा ना. युरोपच्या संसदेचा कारभारच तसा. एरवी मुक्काम ब्रसेल्सला, पण महिन्यातला एक आठवडा सगळं बिऱ्हाड उचलून स्ट्रासबर्गला. खासदारांनी आपापली कागदपत्रं ट्रंकेत भरून दाराबाहेर ठेवायची, माणसं येऊन ती गाडीत चढवायची, आणि सोमवारी तिकडच्या खोलीच्या दाराशी ट्रंक हजर. तीन निवडणुका एडमुंडने हे केलं. "ट्रंक जिथे, तिथे माझं ऑफिस," असं तो ज्याला त्याला सांगायचा. पुढे पक्षाने त्याला उमेदवारांच्या यादीत इतकं खाली ढकललं की निवडून येण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि ऑफिसातल्या लोकांनी निरोप देताना आठवण म्हणून तसलीच एक ट्रंक त्याच्या हातात ठेवली.

आता ती न्यायला कोण येणार? ट्रंक दारातच राहिली तर साहेब पहाटेपर्यंत खुर्चीवरून हलत नाहीत, असं नर्स ओडीलने सांगितलं. मग गेर्लिंडेच मुकाट्याने ती आपल्या डिकीत घालून घरी नेऊ लागली. घरी उघडून बघायची तर आत टीव्हीचा रिमोट, ओला टॉवेल, नॅपकिनांचा गठ्ठा आणि कोणाची तरी कवळी. कवळी धुऊन, पुसून, गुरुवारी ट्रंक परत जागेवर.

"अधिवेशन कसं झालं, साहेब?" ओडील विचारायची.

"लांबलं," तो म्हणायचा.

दीड वर्ष झालं, तो गेर्लिंडेला 'बाई' म्हणत होता. तिला तो मतदारसंघातली कोणीतरी समजायचा, काम घेऊन आलेली. बसा बाई, बोला बाई, काय अडचण आहे? आणि ती अडचण सांगायची. काय करणार? काम घेऊन आलेल्या माणसाकडे तो असा लक्ष देऊन बघायचा, हातातलं सगळं बाजूला ठेवून, थोडं पुढे वाकून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याकडे त्याने असं कधी बघितलं नव्हतं. म्हणून ती सांगायची, गटार तुंबलंय, रस्त्यावरचा दिवा गेलाय. "सवय झाली आता," असं ती शेजारणींना म्हणायची. कसली सवय आणि काय! गाडीत बसून रडायची आणि नाक पुसून गाडी चालू करायची.

त्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी तिला सांगितलं की हृदयाची झडप बदलावी लागेल. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता, पण 'या वयात' हे शब्द त्याने इतक्यांदा वापरले की गेर्लिंडेला जे समजायचं ते समजलं. मुलगी उटे बुधवारी हॅम्बुर्गहून येणार होती.

मरणाची तिला भीती वाटत नव्हती असं कशाला सांगू? वाटत होती. पण त्याहून जास्त एक गोष्ट तिला आतून खात होती. ऑपरेशनच्या टेबलावर ती गेलीच, तर या माणसाच्या लेखी कोणी गेलंच नसणार. गटाराची तक्रार घेऊन येणारी एक बाई येईनाशी झाली, संपलं. तिला एवढंच हवं होतं की त्याने एकदा तिला ओळखावं. एकदा 'लिंडे' म्हणावं. मग कापा म्हणावं काय कापायचं ते.

"घरी नेऊन बघते," ती ओडीलला म्हणाली. "स्वतःची खुर्ची, स्वतःचं स्वयंपाकघर, माझ्या हातचा बटाट्याचा डिबेलाबेस. पोटाला तरी आठवेल."

ओडीलने मान हलवली. "गेर्लिंडेताई, ते फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. मागच्या वेळी केवढा गोंधळ घातला, आठवतंय ना? स्ट्रासबर्गला निघायचंय, ट्रंक सोडून कसा येऊ म्हणाले."

"ट्रंक शुक्रवारीच नेलीय मी. आज सोमवार. तिकडेच नेते असं सांगते."

"खोटं?"

"त्याने मला थोडं खोटं सांगितलंय का?" गेर्लिंडे म्हणाली. "एक माझं."

आणि खरोखरच, 'ट्रंक पुढे गेलीय साहेब, गाडी तयार आहे' म्हटल्याबरोबर एडमुंड पाउलुस उठला, टाय नीट केला, टोपी घेतली आणि विलिबाल्डशी हात मिळवून गाडीत येऊन बसला. "पुन्हा निवडून येऊ नकोस रे बाबा!" असं विलिबाल्ड मागून ओरडला, तेव्हा त्याने हात हलवला.

वाटेत नदीवरचा पूल दिसला. नदी इतकी लहान की पलीकडच्या काठावर कोणी शिंकलं तरी ऐकू यावं, पण पलीकडे फ्रान्स. "हा पूल बघितलात, बाई?" तो म्हणाला. "माझी आजी त्या तिकडे राहायची, चर्चच्या मागे. मी लहान असताना इथे आडवा दांडा आणि बंदुकवाले. आजी वारली, आणि आईला प्रेताला जायला कागद मिळेपर्यंत पुरून झालं. तेव्हाच मी ठरवलं होतं." गोष्ट तिला तोंडपाठ होती. सभासभांतून ऐकलेली, लग्नाआधी याच काठावर पहिल्यांदा ऐकलेली. पूल त्याने खरंच बांधून घेतला. ओडील रोज सकाळी याच पुलावरून सायकल मारत पलीकडून कामाला यायची. लोकांचं भलं केलं हो त्याने. तिला ते कधी नाकारता आलं नाही, हीच तर पंचाईत होती.

घराशी गाडी थांबली. त्याने फाटकाकडे, सफरचंदाच्या नागड्या झाडाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तो पायऱ्या चढला, कोणी न दाखवता तुटकी जागा टाळून कठडा धरला. पायांना आठवतंय! तिने दार उघडलं. त्याने आत पाऊल टाकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! आली का पोचून!"

जिन्याखाली, शुक्रवारी तिने जिथे टेकवली होती तिथेच, निळी ट्रंक उभी होती.

मेले, एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही मला! गेर्लिंडेने ओठ दाताखाली धरला. तळघरात ढकलली असती, वर चादर टाकली असती, काहीही केलं असतं तर चाललं असतं. पण आता उपयोग नव्हता. ट्रंक जिथे, तिथे ऑफिस. त्याने टोपी ट्रंकेवर ठेवली, बैठकीच्या खोलीत शिरला, आपल्याच खुर्चीत पाहुण्यासारखा टेकला आणि म्हणाला, "या वेळी खोली चांगली दिलीय. खिडकी आहे."

तरी तिने हार मानली नाही. किसलेला बटाटा, कांदापात, खारवलेल्या मांसाचे तुकडे, जाड बुडाच्या भांड्यात खरवडून खरवडून उलटत राहायचं, चार बाजूंनी खरपूस होईपर्यंत. हात भरून आला, छातीत कळ उठली, पण तिने झारा सोडला नाही. सफरचंदाचा गर वाडग्यात काढून ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पहिला घास घेतला. डोळे मिटले. ती टेबलाची कड धरून उभी.

"छान," तो म्हणाला. "फारच छान. आमच्या घरी थोडा जास्त खरपूस असतो, पण छान."

"आज आच मंद होती," ती फणकाऱ्याने म्हणाली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "बायको करते का घरी?"

"हो तर."

"आणि काय करते तुमची बायको?"

एडमुंडने काटा खाली ठेवला आणि विचार केला. "वाट बघते," तो म्हणाला. "त्यात तिचा हात कोणी धरणार नाही."

गेर्लिंडे उठली आणि भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ झाली तरी घासत राहिली.

उटेच्या पाठीवर तिला एक मुलगा झाला होता. तेव्हा एडमुंड सारब्र्युकेनला आमदार होता, सरकार काठावरचं, अंदाजपत्रकाचा दिवस. दिवस भरायच्या आतच तिला कळा सुरू झाल्या, तिने दवाखान्यातून विधानसभेत फोन लावायला सांगितलं. नर्स निरोप घेऊन आली, 'मतदान झालं की निघतो म्हणालेत.' मुलगा रडला नाही. त्याला कपड्यात गुंडाळून तिच्या कुशीत दिलं आणि मग घेऊन गेले. सकाळी एडमुंड फुलं घेऊन आला, तेव्हा पेपरात त्याचा फोटो होता. सरकार एका मताने वाचलं होतं. शेजारीपाजारी तिला दवाखान्यात भेटायला आले ते आधी तिचं सांत्वन करायचे आणि उठता उठता त्याचं कौतुक. त्याने तिचा हात धरला होता, खूप वेळ, आणि एक शब्द बोलला नव्हता. तीही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. आपण माफ केलंय असं तिला वाटायचं. काही दिवस वाटायचं नाही.

पुढे ते 'मतदान झालं की निघतो' घरातलंच बोलणं झालं. उटेचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन, गेर्लिंडेच्या आईचं आजारपण, सगळ्याला तेच. स्ट्रासबर्ग घरापासून दीड तासावर. लांबलांबच्या देशांतले लोक तिथे मुक्काम करत, ते ठीक. पण हासुद्धा करायचा. मात्र रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी फोन करायचा, त्यात कधी खंड पडला नाही. त्या फोनसाठी ती कुठेही असली तरी घरी येऊन बसायची.

बाहेर अंधारलं. एडमुंडची चुळबुळ सुरू झाली. उठला, बसला, खिसे चाचपले.

"बाई, इथे फोन कुठे आहे हो? मला घरी फोन करायचाय."

तिने आपला मोबाईल त्याच्या हातात दिला, मोठ्या आकड्यांचा, म्हाताऱ्यांसाठी असतो तो. करू दे बिचाऱ्याला काय करायचं ते, म्हणून ती स्वयंपाकघरात वळली, दार लोटलं. तेवढ्यात भिंतीवरचा जुना फोन वाजला. उटेच असणार, तिला वाटलं, आणि ओल्या हातानेच तिने तो उचलला.

"लिंडे?"

ती जवळच्या बाकड्यावर बसली.

"लिंडे, आहेस ना? किती वेळ वाजतोय. तळघरात होतीस का?"

आवाज तोच. फोनवरचा तो त्याचा मऊ, थकलेला, फक्त तिच्यासाठीचा आवाज. त्याला तिचं नाव माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं, पण बोटांना नंबर पाठ होता.

"हो," ती म्हणाली. "तळघरात होते. बटाटे आणायला गेले होते."

"तुला किती वेळा सांगितलं, तो दिवा बदलून घे. पडशील एक दिवस."

"घेते. जेवलास का, एडी?"

"जेवलो. इथे एक बाई आहेत, त्यांनी डिबेलाबेस केला होता." मग आवाज बारीक करून, "तुझ्यासारखा नाही. पण बिचारीने जीव टाकून केला होता, म्हणून छान म्हटलं. नवरा कुठे बाहेर असतो वाटतं तिचा. मला फार वाईट वाटलं."

गेर्लिंडेने तोंडावर पदरासारखा ॲप्रन दाबून धरला. हसू होतं की काय होतं, तिचं तिलाच कळलं नाही.

"उटे झोपली?"

"झोपली," ती म्हणाली. उटेची स्वतःची मुलं कॉलेजात होती. "तुझी आठवण काढत होती."

"आणि तू?"

"मी रोजच काढते, मेल्या."

पलीकडे तो हसला. भिंतीच्या अल्याडही ते ऐकू आलं. इथेच तिने फोन ठेवायला हवा होता. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, नावासकट मिळालं होतं. पण माणसाचं मन कुठे भरतं? इतक्या वर्षांच्या इतक्या फोनांत जे एकदाही बोलली नव्हती ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"एडी, मला गुरुवारी दवाखान्यात जायचंय. ऑपरेशन आहे, हृदयाचं. मला भीती वाटते रे."

ते वाक्य आता येणार, हे तिला ठाऊक होतं. तिचे ओठसुद्धा त्या शब्दांच्या तयारीने हलले.

"तू एकटी आहेस?" त्याने विचारलं.

"हो."

"मतदान गेलं खड्ड्यात," एडमुंड म्हणाला. "मी निघतोय. आत्ता. ऐकतेस ना, लिंडे? त्या वेळी मी थांबलो होतो. त्याला मी बघितलंसुद्धा नाही. या वेळी नाही थांबणार. तू फक्त दार उघडं ठेव."

फोन बंद झाला.

ती रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. त्याला आठवत होतं! एवढी वर्षं त्याला आठवत होतं, आणि ते उराशी घेऊन तो तिच्या शेजारी झोपत होता. तिच्या मनातलं कुठलं तरी जुनं, दगडासारखं झालेलं काहीतरी सुटलं आणि ती मोठ्याने रडली. तेवढ्यात बैठकीच्या खोलीत खुर्ची सरकली, पावलं वाजली, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. कोटाचा एक हात घातलेला, दुसरा शोधत, एडमुंड दारात उभा होता.

"माफ करा, बाई. मला लगेच निघावं लागेल. माझ्या बायकोला बरं नाही. घरी एकटी आहे."

"एडी." ती उठली. "एडी, मीच आहे रे. मी इथेच आहे. हे बघ ना माझ्याकडे!"

त्याने बघितलं. खरंच बघितलं, थोडं पुढे वाकून, काम घेऊन आलेल्या माणसाकडे बघायचा तसं. तिच्या ओल्या गालांकडे बघून त्याला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं.

"तुमचंही काम बघतो मी, बाई. नक्की लक्ष घालतो. पण आज नाही. आज मला तिच्याकडेच जायला हवं."

आणि तो निघाला. जिन्याखाली थांबून टोपी उचलली.

"तुमची ट्रंक?" गेर्लिंडेने मागून विचारलं. का विचारलं कोण जाणे. थोपवायला अजून काही हाताशी नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "ट्रंकेचं काय घेऊन बसलात!"

दार उघडं टाकून तो पायऱ्या उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यासाठी सगळं सोडून निघाला होता, आणि तिच्याच घरातून. धुक्यात त्याची टोपी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली. पाय ओढत होता, पण चालला होता भराभर.

तिने गॅस बंद केला. रिसीव्हर जागेवर ठेवला. चावी घेतली, त्याचा मफलर घेतला, आणि जाताना दार ओढून घ्यायला गेलेला हात तिने मागे घेतला. दार तसंच उघडं ठेवलं.

पुलाच्या अलीकडे तिने त्याला गाठलं. गाडी शेजारी नेऊन काच खाली केली.

"बसा, साहेब. मी सोडते."

"तुम्हाला वाकडी वाट पडेल."

"नाही पडणार. मी तिकडेच चाललेय."

तो बसला. तिने त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, त्याने गुंडाळू दिला. टेकडीचा रस्ता लागला तेव्हा वर वृद्धाश्रमाचे दिवे दिसायला लागले होते. तो पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, काचेतून बघत होता.

"जरा जोरात चालवता का, बाई?" तो म्हणाला. "ती घाबरलीय. तशी ती कधी सांगत नाही हो, पण आज तिने सांगितलं."

"हो," गेर्लिंडे म्हणाली. "ऐकलं मी."